काका सगळ्यांना उप्सालाला पाठवायचे

फोटो दाखवायला कॅमेरा बाहेर काढला की काका डोळे मिटायचे. म्हणजे खरंच घट्ट मिटायचे, लहान मुलं कडू औषध पिताना मिटतात तसे. म्हणायचे, "फोटो नको मला. तू सांग नं, काय पाह्यलं ते."

मग प्रश्न सुरू. आणि प्रश्न तरी कसले! तिकीट किती, हॉटेल कसं, असलं काही नाहीच. "बाकावर कोण बसलं होतं?" "नदीच्या पाण्याला वास कसला येत होता?" "पानं गळून राहिली होती, की आधीच गळलेली?" रोमहून आलेल्या एका मुलाला त्यांनी अर्धा तास फक्त कबुतरांबद्दल विचारलं होतं. तो बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, काका, मी कोलोसियम बघत होतो हो. काका म्हणाले, "कोलोसियम पुस्तकात पण आहे नं बाप्पा. कबुतरं नाहीत."

आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या आम्हा मराठी पोरापोरींची ही रीतच पडली होती. कोणी कुठूनही फिरून आलं की पुढच्या शनिवारी दुपारी काकांकडे गोळाभात. नागपूरचा गोळाभात ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे, ते वाफेवर भातातच शिजवायचे, आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. ती फोडणी काका पळीने स्वतः घालायचे, आणि घालता घालता विचारायचे, "हं, आता सांग."

त्या वर्षांत स्वस्त विमानांचं नुसतं पेव फुटलं होतं. आम्ही सगळे विशी-पंचविशीतले, सॉफ्टवेअरवाले, पहिल्यांदाच हातात पगार. शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचलायची, रविवारी रात्री परत. कोणी पॅरिसला जायचं म्हटलं की काका म्हणायचे, "ठीक आहे, पॅरिस. चांगलं आहे. पण उप्सालाला जाऊन या नं एकदा." कोणी प्राग म्हटलं तर, "प्राग काय पळून जाऊन राहिलं? उप्साला पाह्य आधी." स्वीडनमधलं जुनं विद्यापीठाचं गाव. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी हे नाव काकांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकलं. स्टॉकहोमचं विमान म्हणून तिकीट घ्यायचं, ते उतरवणार भलत्याच कुठल्यातरी जंगलातल्या धावपट्टीवर, मग बस, मग ट्रेन. त्यात आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या एका व्हिसावाल्या गटात नाही, म्हणून आम्हा लोकांना जायला एक व्हिसा आणि परत यायला दुसरा. एवढा कुटाणा करून कोण जाणार उप्सालाला? पण काका इतकं मागे लागायचे की दरवर्षी कोणी ना कोणी जायचंच.

आता मला हे शेवटपर्यंत दाबून ठेवता येणार नाही, आत्ताच सांगून टाकते. काकांचं बाळ तिथे पुरलेलं होतं. मुलगी. चार महिन्यांची. आपल्यात एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. म्हणून आमच्या ओळखीतल्या अख्ख्या हिंदू गोतावळ्यात परदेशात कबर असलेले हे एकटेच. आम्हाला हे माहीत नव्हतं. ते आम्हाला नुसते "फिरायला" पाठवत होते, आणि आम्ही परत येऊन तिथले दालचिनीचे गोड बनपाव कसे होते ते सांगत होतो.

मी त्यांच्या घरी भाड्याने राहायचे. मी आणि मृणाल, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. टेकडीवरचं घर, समोरून वारा आला की पाऊस दारातून आडवा आत. दोन मुली एका एकट्या राहणाऱ्या काकांकडे राहणार म्हटल्यावर माझ्या आईने पुण्याहून फोन करून त्यांची चक्क मुलाखत घेतली होती. काका तिला म्हणाले, "ताई, मी रात्री नऊला झोपतो, पहाटे पाचला रिंगास्किडीला जायला निघतो, आणि माझी बायको माझ्यापेक्षा कडक आहे. ती नागपूरला आहे, पण तिला सगळं समजते." आई एवढ्यावर तयार झाली.

रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यांची रांगच आहे, त्यातल्या एकात ते लॅबमध्ये होते. पन्नाशी ओलांडलेली, पुढचे केस गेलेले, बारा महिने तोच हिरवा जाड कोट. घरातलं एकच भांडण रोजचं होतं, इमर्शनचं. पाणी तापवायचं बटण. ते चालू राहिलं की काका जिन्याखालून ओरडायचे, "इमर्शन कोणी ठेवलं? विजेची कंपनी काय तुझ्या मामाची आहे?" मृणाल वरून म्हणायची, "काका, मामा एमएसईबीतच आहे!" मग हसू. पण ते हसायचे कमी. हसले तरी चटकन आवरायचे, दुकान बंद करायची वेळ झाल्यासारखे.

कॉफीत वेलदोडा घालायचे. चपला-बूट दाराबाहेरच. आणि नोव्हेंबर लागला की पहिल्या शनिवारी दाराच्या पायरीवर जॅमच्या बाटलीत मेणबत्ती लावायचे. वाऱ्याने ती सारखी विझायची, काका सारखे बाहेर जाऊन लावायचे, मांडी घालून आडोसा करून बसायचे. आम्हाला वाटलं, दिवाळीचा उशिरा आठवलेला दिवा असेल. शेजारची आयरिश बाई काकांना "युअर मॅन विथ द कॅन्डल" म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं "तो मेणबत्तीवाला". तिने एकदा मला विचारलं, तो बरा आहे ना गं? मी म्हटलं, ग्रँड आहे, म्हणजे इथल्यासारखं, मजेत आहे. स्वीडनमध्ये त्या शनिवारी लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात, हे मला खूप नंतर कळलं.

काकांच्या उप्सालात कोण कोण जाऊन आलं होतं! एक अकोल्याचा मुलगा होता, तो म्हणाला, "काका, गाव नाही ते, सायकलस्टँड आहे." काका खूश झाले होते त्यावर. एका मुलीला ते प्रचंड कंटाळवाणं वाटलं, चारला अंधार पडला, सगळी दुकानं बंद, मी रडलेच म्हणाली. काका म्हणाले, "हो, रडू येतेच तिथं." नुसतं एवढंच म्हणाले. तिला वाटलं सहानुभूती.

प्रत्येकाला जायच्या आधी ते सांगायचे, "मोठं चर्च पाहा, लाल विटांचं. दोन टोकं आहेत त्याला. नदीच्या काठानं चाला. मग चढावर लायब्ररी आहे, तिच्या मागं एक छान बाग आहे. मोठी मोठी झाडं आहेत. तिथं बसा थोडा वेळ." चर्च, नदी, लायब्ररी असं पुसट पुसट, आणि बागेपाशी आले की आवाज एकदम नेमका व्हायचा. डाव्या हाताची वाट. बर्चचं झाड, पांढऱ्या सालीचं. जहाजाचा नांगर कोरलेला एक उंच दगड.

नीलेश आणि केतकी ईस्टरच्या सुट्टीत गेले. आमच्या ग्रुपमधलं नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघं प्रत्येक ठिकाणी एकसारखी जॅकेटं घालून. परत आल्यावर गोळाभात. मी पण होते. काकांनी फोडणी घातली आणि सरळ मुद्द्यालाच आले.

"लायब्ररीच्या मागं गेला होतास?"

"गेलो ना काका, हो हो."

"मग? बाग कशी आहे?"

"एक नंबर. एकदम मेंटेन्ड."

"फुलं?"

नीलेशने केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "लाल."

"लाल?"

"लालभडक. खूप होती."

काका पुढे वाकले. पळी हातातच. "अन् बाकावर? कोणी होतं?"

नीलेशला आता चेव चढला. "एक आजी होत्या काका. पेपर वाचत होत्या. आम्हाला बघून हसल्या पण."

"हसल्या," काका म्हणाले.

नंतर ताटं विसळताना केतकी माझ्या कानाशी आली. "अगं, बागबिग काही नाहीये, स्मशान आहे ते! गेटवरूनच दिसलं. मी म्हटलं नीलेशला, आत पाय टाकलास तर परत होस्टेलवर जाऊन डोक्यावरून आंघोळ, अंगावरचे कपडे धुवायचे, कोण करणार त्या थंडीत? आणि तिथला शॉवर वीस सेकंदात बंद पडतो. मग आम्ही गेलो आणि बनपाव खाल्ले. काकांना काय, सांगितलं बाग छान आहे. म्हाताऱ्या माणसाचं मन का मोडा?"

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं किती गोड आहे हे.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी दुपारी काका काकूंना फोन लावायचे. फोन खाली जिन्याच्या पायथ्याशी, परदेशी फोनचं स्क्रॅच कार्ड, त्यावरचा लांबलचक नंबर दाबायचा. मी वरून खाली येत होते आणि मधल्या पायरीवर थांबले, कारण काका बोलत होते:

"लाल फुलं आहेत म्हणे यंदा. लालभडक. अन् एक आजी येऊन बसते तिथं, पेपर घेऊन. हो. हसते म्हणे. एकटी नाहीये ती."

फोन ठेवून ते वळले तर मी समोर. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "कोण एकटी नाहीये काका?"

ते खालच्या पायरीवर बसले. मी वरच्या. आणि त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडे पाठ करूनच. ते तिशीत असताना उप्सालाला रिसर्चला गेले होते, स्कॉलरशिपवर. काकू पण गेल्या. तिथेच मुलगी झाली. बारसं नागपूरला जाऊन थाटात करायचं म्हणून नाव ठेवलंच नव्हतं, नुसती छकुली म्हणायचे. न्यूमोनिया झाला. दगडावर काय कोरायचं विचारलं तर कागदावर "छकुली" लिहून दिलं, मराठीत, आणि तिथल्या दगड कोरणाऱ्याने ते बघून बघून कोरलं. काकू त्याच महिन्यात परत गेल्या. रिसर्च अर्धवट टाकून काका पण गेले. नंतर मूल झालं नाही. काकूंनी सांगितलं, त्या बाजूच्या विमानात मी पुन्हा बसणार नाही. आणि काकांनी सांगितलं, मग मी एकटा पण जाणार नाही, जायचं तर दोघांनी.

"म्हणून इकडे नोकरी घेतली मी," काका म्हणाले. "म्हणलं, एवढं जवळ आलो तर तुझी काकू येईल. चार वर्षं झाली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, नीलेश आत गेलाच नव्हता. खोटं सांगितलं त्यांनी."

"अगं, मला समजत नाही का? एप्रिलात तिथं बर्फ वितळून राहिलेलं असते. कुठली लाल फुलं!"

"मग काकूंना का सांगितलंत?"

"तिला लाल आवडतो."

"पण मग तुम्ही लोकांना खरं का नाही सांगत? कबर बघून या म्हणून?"

आता ते वळले. "खरं सांगितलं की लोक तोंड पाडून जातात. सुतकात गेल्यासारखे. मला तसा माणूस नव्हता पाठवायचा. फिरायला आलेला, मजा करून राहिलेला, खाऊन पिऊन आलेला माणूस पाठवायचा होता. लेकरू आहे नं ते. लेकराकडे हसत जावं."

मी त्याच आठवड्यात ठरवलं की मी जाणार. आणि आत जाणार. व्हिसाच्या भानगडीत ऑक्टोबर उजाडला. मृणालला पण ओढलं बरोबर. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी पहिल्यांदा कोणालातरी सरळ वाट सांगितली. नांगराचा उंच दगड, बर्च, आणि त्या दोघांच्या मधे गुडघ्याएवढा करडा दगड. "सापडेलच," म्हणाले. "सगळ्या इंग्रजी-स्वीडिश अक्षरांत एकटंच मराठी आहे. लांबून वाचता येते."

उप्साला मला आवडलं. हे सांगायलाच हवं, कारण तिथे पोचेपर्यंत मी काकांच्या प्रश्नांनीच सगळं बघत होते. नदी अरुंद, काळपट, पाण्याला ओल्या पानांचा वास. सायकली इतक्या की चालायची चोरी. मोठ्या चर्चची दोन टोकं ढगात घुसलेली, दिसतच नव्हती. वर टेकडीवर गुलाबी रंगाचा किल्ला, म्हणजे किल्ला कसला, आपल्याकडच्या डोळ्यांना सरकारी कचेरीच वाटते. विद्यार्थी सगळीकडे, आणि सगळे हळू आवाजात बोलणारे. दुपारी तीनलाच दिव्यांचा उजेड पिवळा वाटायला लागला. मृणाल म्हणाली, "छान आहे गं, पण असं वाटतंय की कोणीतरी आजारी आहे आणि सगळे हळू चाललेत."

ती गेटपाशी थांबली. "तू जा. मला नाही जमणार, आईला कळलं तर ओरडेल." मी म्हटलं ठीक आहे.

डाव्या हाताची वाट. नांगराचा दगड सापडला. बर्च सापडलं. मधे गवत होतं.

मी परत गेटपर्यंत गेले आणि पुन्हा मोजूनमापून आले. नांगर, बर्च, मधे गवत. बाकीच्या गवतापेक्षा थोडं कोवळं, ताजं पेरल्यासारखं. मी अशी गोलगोल फिरत होते तेव्हा पानं गोळा करणारा एक माणूस जवळ आला. साठीचा असेल, कानांवर यंत्राचा आवाज अडवणारी ती जाड टोपणं लावलेली. ती काढून त्याने इंग्रजीत विचारलं, कोणाला शोधताय?

मी सांगितलं. एक छोटा करडा दगड, त्यावरची अक्षरं वेगळी होती.

त्याने हवेत बोटाने एक आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली लोंबणारं काहीतरी दाखवलं. "दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी?"

"हो! तोच."

"तो ऑगस्टमध्ये काढला."

मग त्याने नीट समजावलं. हळू, एकेक शब्द, माझ्या चेहऱ्याकडे बघत. इथे कबरीची जागा कायमची नसते. ठरावीक वर्षांची असते, मग घरच्यांनी पुढे चालू ठेवायला सांगायचं. पत्रं पाठवतात. ह्या वेळी पण पाठवली असतील. उत्तर नाही आलं की दगडावर पिवळं कार्ड लावतात, घरच्यांनी ऑफिसला भेटा म्हणून. "ते कार्ड दोन वर्षं होतं इथे," तो म्हणाला. "इंग्रजीतून पण लिहिलेलं असतं. कोणी आलं नाही."

पत्रं काकांच्या नागपूरच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली असणार. ते घर पाडून तिथे केव्हाच मंगल कार्यालय झालंय, काकाच मागे म्हणाले होते. आणि पिवळं कार्ड? त्या दोन वर्षांत आमचे किती जण उप्सालाला येऊन गेले होते! मराठी अक्षरांच्या दगडावर इंग्रजी कार्ड, कोणीही थांबून वाचलं असतं, परत येऊन काकांना सांगितलं असतं. पण एकही आत गेला नव्हता. सगळे गेटवरून मागे. सगळ्यांनी येऊन सांगितलं, बाग छान आहे.

"दगड कुठे गेला?" मी विचारलं.

"बाहेर गेला. जुने दगड फोडतात, खडी करतात." मग घाईघाईने म्हणाला, "पण खाली कोणी हात लावत नाही. खाली जे आहे ते तिथेच आहे."

मी त्या गवतावर बसले. ओलं होतं. हसत जायचं होतं, ते काही जमलं नाही.

शनिवारी गोळाभात होताच. मृणाल सायकलींबद्दल बोलत सुटली, थांबेचना, तिला भीती वाटत होती मी काय बोलेन त्याची. काका ऐकत होते. मग माझ्याकडे वळले. पळी घेतली. "हं. दगड ओला होता का गं? शेवाळ धरते तो."

"दगड नाहीये काका."

मी सगळं सांगितलं. पिवळ्या कार्डाचं पण सांगितलं, लपवलं नाही. फोडणी पळीत थंड झाली, तेलात मोहरी तळाला बसली.

"गवत कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"नवीन. छान आहे."

"बर्च आहे?"

"आहे."

"बरं." त्यांनी ती थंड फोडणी माझ्या भातावर घातली. "खा. जेवून घे."

रविवारी मी मुद्दाम जिन्यात बसले. त्यांनीच बसायला सांगितलं होतं, म्हणाले, मला आठवलं नाही तर तू सांगशील. काकू एसटीडी बूथच्या काळातल्या, फोनवर ओरडूनच बोलायच्या, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. मला वाटलं काका काहीतरी रचून सांगतील. लाल फुलं, पिवळी पानं, काहीतरी. त्यांनी तसं केलं नाही.

"दगड काढला त्यांनी," ते म्हणाले. "पोरगी स्वतः पाहून आली. जागा तशीच आहे, पण वर काही नाही आता."

फोनमध्ये खरखर झाली.

मग काकू म्हणाल्या, "मग आता तिला ओळखायचं कसं कोणी?"

"मी ओळखतो नं."

"तुम्ही ओळखता. उद्या तुम्ही नसले तर?"

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तिकीट काढा माझं," काकू म्हणाल्या. तेवढ्यात फोनकार्डाच्या रेकॉर्डिंगमधली इंग्रजी बाई मधेच बोलली, एक मिनिट राहिलं म्हणून.

काकू मे महिन्यात आल्या. बुटकी, गोरी, साडीवर पुरुषांचे स्पोर्ट्स शूज. पहिल्याच दिवशी त्यांनी किचनमधलं प्रेस, म्हणजे कपाट हो, इथे त्याला प्रेसच म्हणतात, ते रिकामं करून पुन्हा लावलं. काकांना म्हणाल्या, "पाच वर्षं असंच ठेवून राह्यले का तुम्ही?" इमर्शनचं बटण त्या स्वतः बंद करायच्या. आमच्याशी खूप बोलायच्या, मृणालच्या लग्नाचं विचारायच्या. उप्सालाचं नाव मात्र त्यांनी दोन आठवड्यांत एकदाही घेतलं नाही. मी एकदा म्हटलं, काकू, मी येऊ का बरोबर, जागा दाखवायला? त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "हे आहेत नं."

मग दोघं उप्सालाला गेले आणि चार दिवसांनी परत आले. दुपारची वेळ होती, काकू सरळ वर जाऊन झोपल्या. मी चहा ठेवला. काका कोट न काढताच किचनमध्ये बसले. कोटाच्या खालच्या कडेला वाळलेली माती होती.

"बर्च पडलं गं," ते म्हणाले. "हिवाळ्यात वादळ आलं होतं म्हणे. बुंधा पण उपटून नेला. अन् तो नांगरवाला दगड, तो पण काढला. सगळं सपाट. नुसतं गवत, इकडून तिकडे."

मी म्हटलं, "काका, तिथे ऑफिस आहे. त्यांच्याकडे नकाशा असतो, ते दाखवतात."

"मी म्हणलं नं तिला तेच. चल, विचारू. तर ती म्हणाली, विचारायचं कशाला? माझं लेकरू आहे ते." ते पुढे सांगू लागले. "बूट काढले तिनं. हातात घेतले, अन् चालत गेली सरळ. मधे थांबली नाही, इकडं तिकडं पाह्यलं नाही. अन् एका जागी बसली. हात ठेवला खाली."

चहा उकळून वर आला, मी गॅस बारीक केला.

"तीच जागा होती?"

"नाही," काका म्हणाले. "मी रोज जात होतो तिथं, ही नागपूरला गेल्यावर पण. माझ्या अंदाजानं दोन-अडीच हात चुकली ती."

"मग? तुम्ही सांगितलं नाहीत?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मी पण तिथंच बसलो," ते म्हणाले, "तिच्या बाजूला."